रेकॉर्ड धुलाई: बुरशी गेली, आता गाठ स्टॅटिकशी

मंडळी, व्हॅक्यूम मशीनवरच्या (रेकॉर्डवरचं द्रावण मळासकट ओढून घेणारं यंत्र) धुलाईची पुढची खबर. नागपूरच्या इतवारी बाजारातून उचललेला एलपींचा गठ्ठा निम्म्याहून जास्त उरकला. बहुतेक माल एचएमव्ही कंपनीचा, थोडा पॉलिडोरचा. पावसाळे खाल्लेल्या रेकॉर्डींचं होतं तेच यांचंही झालेलं: पुठ्ठ्याला ओल लागून आतपर्यंत पांढरी बुरशी.

द्रावण जुनंच आहे. ८५० मिली डिस्टिल्ड पाणी, १५० मिली ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी पसरवणारं रसायन) थोडे थेंब. हे थेंब नसले तर पाणी व्हिनाइलवर मण्यांसारखं गोळा होतं, खाचेत उतरतच नाही. बुरशीवाल्यांना त्याआधी एन्झाइमचा (बुरशी सैल करणारं द्रावण) एक हात. अल्कोहोलच नको वाटणाऱ्यांसाठी: अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस टर्जिटॉल (एक डिटर्जंट) आणि शुद्ध पाण्यावरच भागवते. लेबलवर मात्र कोणतंच द्रावण जाऊ देऊ नका, शाई फुटते.

पण माझं मत आता पक्कं झालंय. कोणतं द्रावण यावर आपण जितकं भांडतो, त्याच्या निम्मं लक्षही खळबळण्याकडे देत नाही. खाच जेमतेम केसाएवढी. द्रावणाचा अंश तिथेच वाळला की सुई तो खरवडत जाते आणि टोकाला राखाडी गोळा चिकटतो. म्हणून धुतल्यावर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा दुसरा फेरा, आणि त्याला वेगळी सक्शन नळी. धुण्याच्या नळीची मखमली पट्टी मळलेली असते, तीच खळबळायला वापरली तर काय उपयोग? नळाचं पाणी नकोच. पेंचचं असो की कन्हानचं, क्षार खाचेतच राहणार.

वसंतराव देशपांड्यांच्या एका एलपीवर फरक कानाला कळला. सुरुवातीला नुसता तानपुरा आहे, तिथे आधी सतत चरचर होती. एका धुलाईनंतर चरचर गेली, पण टक् टक् राहिली. एन्झाइम पुन्हा लावलं, फॅन बंद करून तसंच राहू दिलं, ब्रश दोन्ही दिशांनी फिरवला आणि मग ओढून घेतलं. आता टक् एकाच जागी येतं, दर फेऱ्याला. तो ओरखडा आहे, त्याला औषध नाही. टाकीतून निघालेलं पाणी भुरकट होतं आणि त्यात बारीक तंतू तरंगत होते.

खरा त्रास उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत इथे हवा इतकी कोरडी की कडेचं द्रावण ब्रश फिरेपर्यंत वाळायला लागतं. शिवाय सक्शन. दोन फेरे पुरतात. कोरड्या रेकॉर्डवर तिसरा मारला की स्टॅटिक (घर्षणाची स्थिर वीज) चढतो, हात जवळ नेला तर रोम उभे राहतात आणि खोलीतली सगळी धूळ परत रेकॉर्डवर. मी आता कूलर असलेल्या खोलीत धुतो. ओलाव्यानं स्टॅटिक कमी होतो, फक्त कूलरचा झोत मशीनवर येऊ देत नाही. धुतलेली रेकॉर्ड जुन्या पिशवीत परत घालणं तर गाढवपणाच. नव्या अँटिस्टॅटिक पिशव्या आधी आणून ठेवा.

मोटर तापते, त्यामुळे मधे मधे थांबावं लागतं. आवाजही मोठा. शेजारचे काका भिंतीपलीकडून विचारतात, ‘काय करून राहिले जी भर दुपारी?’

पुढची पाळी ७८ आरपीएमच्या तबकड्यांची. त्या लाखेच्या, आयसोप्रोपाइल लागलं की पृष्ठभागच विरघळतो. त्यांच्यासाठी अल्कोहोलविना वेगळी बाटली भरून, वर मोठ्या अक्षरात ‘७८’ लिहून ठेवली आहे. मखमली पट्ट्या कुणी इथल्याच कापडाच्या शिवून घेतल्या असतील तर कोणती मखमल टिकली ते सांगा. माझ्या पट्टीचे केस गळायला लागलेत.