तुम्ही विचारलंत म्हणून: उडतंय ना, मग उघडता कशाला?

नौपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची भाची वैमानिक व्हायला शिकतेय. "भाऊजी, परवापर्यंत विमान मस्त उडत होतं. आता म्हणे एडी आली, आठवडा गेला. उडतंय ना, मग उघडता कशाला?" मी निवृत्त एएमई, म्हणजे विमानाचा मेकॅनिक. त्यामुळे खापर माझ्यावरच.

एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. कुठेतरी एखाद्या मॉडेलचा भाग दगा देतो, मग ते विमान ज्या देशाचं, तिथली यंत्रणा फर्मान काढते. सेस्ना, पायपर ही छोटी विमानं अमेरिकेची, म्हणून तिथली विमान नियामक संस्था एफएए. आपली नियामक संस्था डीजीसीए ते बंधनकारक धरते. 2013 साली पायपरच्या पीए-28 वगैरे विमानांसाठी असंच एक आलं. शेपटीच्या नियंत्रणाच्या केबल तुटल्याच्या तक्रारी होत्या.

ही केबल आपलं दुखणं स्वतः बोलून सांगत नाही, हीच तर अडचण. जाडी जेमतेम 3 मिलिमीटर. आत 7 पदर, प्रत्येकात 19 तारा, एकूण 133. त्यातल्या पाचसहा तुटल्या तरी वैमानिकाच्या हाताला काही कळत नाही. योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, तसाच मऊ फिरतो. झीज होते ती बहुतेक पुलीवरून वळताना, फ्लोअरखाली, जिथे नजर जात नाही. म्हणून आम्ही योक पूर्ण पुढे, पूर्ण मागे नेतो, पुलीखाली दडलेला तुकडा बाहेर येतो, आणि त्यावरून सुती फडका फिरवतो. मी आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा ठेवायचो. तुटलेली तार दिसत नाही, फडक्यात अडकते. उघड्या हाताने करू नये, तार बोटात घुसते. हे मी एकदाच शिकलो. त्या दिवशी केबल चकचकीत होती, रक्त माझं होतं.

बाकी वेळ सुटे भाग येण्यात आणि कागदांत जातो, त्याचा बचाव मी करणार नाही.

केबल बदलली की टेन्शन मोजायचं, टर्नबकलला, म्हणजे ताण कमीजास्त करायच्या स्क्रूला, तो सैल होऊ नये म्हणून सेफ्टी वायर बांधायची, आणि मग दुसऱ्या माणसाने सगळं नव्याने तपासायचं. कारण केबल उलटसुलट जोडली तरी योक छानच फिरतो, फक्त विमान दुसरीकडे वळतं.

वहिनी, भाचीला सांगा: विमान परत आलं की योक डावीकडे फिरव आणि डावा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, वर जातोय का ते बघ. दोघांनी सही केलेली असली तरी.