सासऱ्यांच्या घड्याळाची काच

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांचे एचएमटी ‘जनता’ ओट्याच्या ग्रॅनाइटवर आपटले. चारच्या खुणेपासून जवळजवळ मध्यापर्यंत तडा गेला आणि कडेचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडून आत पडला. घड्याळ चालू राहिले, परंतु त्या फटीतून पावसाळी हवा आत शिरू लागली आणि रोज सकाळी काचेला आतून धुके धरू लागले. काटे स्टीलचे, डायल जुनी, अशा स्थितीत महिनाभर जरी गेला असता तरी गंज धरला असता.

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागात, होते. त्यांची सारी नोकरी एचएमटीच्या लेथवर गेली आणि मनगटावर घड्याळही एचएमटीचेच. हिंदुस्थान मशीन टूल्स हे त्या कंपनीचे पूर्ण नाव. यंत्रे बनवणाऱ्या या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळूरला घड्याळे तयार करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. ‘जनता’ हे त्यांचे चावीचे साधे घड्याळ, १७ ज्युवेलचे (चाकांचे घर्षण कमी करणाऱ्या बारीक खड्यांचे), आणि बाबांच्या घड्याळाच्या डायलवर ते नाव देवनागरीत लिहिलेले आहे. हे सारे बाबा कोणालाही सांगतात, आणि ज्या घड्याळजींकडे आम्ही प्रथम गेलो त्यांनाही त्यांनी ते सांगितले. त्या गृहस्थांनी मात्र काच मिळणार नाही, त्यापेक्षा आत क्वार्ट्झचे, म्हणजे बॅटरीवर चालणारे, मशीन टाकून देतो, असे सुचवले. बाबांनी काही न बोलता काउंटरवरचे घड्याळ उचलून खिशात घातले.

घरी करायचे ठरले ते तिथेच. बाबांच्या हाताला आता कंप आहे, म्हणून हात माझे आणि डोके त्यांचे, अशी वाटणी झाली.

या घड्याळांची काच म्हणजे खरे तर काच नव्हेच, ते ऍक्रिलिक असते. ते गोंदाने चिकटवलेले नसते. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, खोबणीपेक्षा किंचित मोठी असलेली ही फुगीर चकती कडेने आवळून लहान करायची, खोबणीत ठेवायची आणि सोडून द्यायची, म्हणजे ती स्वतःच्या ताणाने फुलून घट्ट बसते. आवळण्यासाठी एक हत्यार मिळते. त्याला गोलाकार मांडलेले पोलादी दात असतात आणि वरची चकरी फिरवली की ते सारे दात एकदम आत सरकतात. बुधवार पेठेत घड्याळाच्या सुट्या सामानाचे दुकान आहे, तिथले काका त्याला नुसते ‘पंजा’ म्हणाले. पंजाने जुनी काच बाहेरून पकडून उचलताही येते आणि मग घड्याळ उघडण्याची गरजच राहत नाही. आमची काच तडकलेली असल्यामुळे दातांखाली तिचे तुकडे झाले असते, शिवाय टवका आत होताच. म्हणून मशीन बाहेर काढणे भाग होते.

शनिवारी दुपारी बाबा झोपलेले असताना मी काम सुरू केले, आणि ही पहिली चूक. जेवणाच्या टेबलावर परात ठेवली, तिच्यात चष्मा पुसायचे कापड अंथरले आणि पंखा बंद केला. परात अशासाठी की सुटलेला स्क्रू फरशीवर न जाता काठाला अडावा. या घड्याळाचे मागचे झाकण दाबून बसणारे आहे. त्याच्या कडेला एका ठिकाणी नखाएवढी फट असते, तिथे बोथट पाते घालून पिळ दिला की टक्क असा आवाज होऊन झाकण सुटते. आत चावीच्या दांड्याजवळ एक बारीक स्क्रू दिसतो. तो एक-दीड फेराच सैल करायचा, पुरता काढायचा नाही. जास्त सैल केला तर खालची तरफ जागेवरून सुटते आणि मग डायल काढून सगळे पुन्हा जुळवावे लागते, जे माझ्या आवाक्यातले नव्हते. मी अर्धा-अर्धा फेरा देत आणि प्रत्येक वेळी चावी हलकेच ओढून पाहत गेले. तिसऱ्या खेपेला ती दांड्यासकट अलगद बाहेर आली. मशीन धरून ठेवणारे दोन स्क्रू काढले, केस उलटी केली आणि डायलसह मशीन माझ्या तळहातावर उतरले. दांडा परत घालून स्क्रू नुसता टेकवला, म्हणजे तरफ हलणार नाही, आणि मशीनवर काचेचा पेला पालथा घातला.

आतून अंगठ्याने दाबताच जुनी काच निघाली. तिला मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याची जबडेवाली पट्टी, लावला. माप आले २९.९ मिलिमीटर. तशीच पेठेत गेले. या दुकानात काचा छोट्या कागदी पाकिटांत असतात आणि पाकिटावर पेन्सिलीने व्यास लिहिलेला असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. काकांनी विचारले, “ताई, माप जुन्या काचेचं आणलंत की खोबणीचं?” काचेचे म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या, पण ३०.० ची काच दिली. किंमत ६० रुपये. पंजाला मात्र साडेचारशे पडले.

घरी येऊन ती काच पंजाशिवाय, नुसत्या बोटाने, खोबणीत बसली. केस उलटी करताच परातीत पडली.

तोवर बाबा उठले होते. त्यांनी जुनी काच उजेडात धरून तिचा पिवळटपणा मला दाखवला आणि म्हणाले, “अगं, ही आक्रसलीय. तीसेक वर्षं दाबात बसलेलं प्लास्टिक मूळ मापाचं कसं राहील? जिथं बसवायचंय ते भोक मोजायचं.” टूलरूममधल्या माणसाला हे सांगावे लागत नाही; मला लागले. मग त्यांनी व्हर्नियरचे वरचे, आतले माप घेणारे जबडे खोबणीत कसे उघडायचे ते दाखवले. जबडे तिरपे राहिले तर माप चुकते, म्हणून किंचित डोलवून मोठ्यात मोठे वाचन घ्यायचे, आणि तेही तीन दिशांनी, कारण आपटलेली केस अंडाकृती झालेली असू शकते. वाचने आली ३०.१०, ३०.१२ आणि ३०.१०. केस गोल होती. बाबांनी कागदावर ३०.३ लिहून दिले.

सोमवारी काकांनी त्या मापात दोन काचा काढल्या, एक बसकी आणि एक जास्त फुगीर. बसकी घड्याळावर शोभते, पण सेकंदकाट्याचा मधला उंचवटा तिला आतून टेकला तर काटा अडतो. जुनी काच सोबत नेली होती, तिच्याशेजारी दोन्ही ठेवून उंची पाहिली आणि फुगीर घेतली. त्यांनी सपाट मिनरल काचही, म्हणजे प्लास्टिकची नव्हे तर खरी काच, दाखवली. तिच्यावर ओरखडे कमी पडतात हे खरे. परंतु ती ताणाने बसत नाही, गोंद लागतो, आणि ही केस त्यासाठी केलेलीच नाही. गोंदाविषयी काकांनी एक गोष्ट बजावली: झटपट चिकटणारा सुपर ग्लू घड्याळाजवळ आणायचा नाही, त्याची वाफ काचेवर आणि डायलवर पांढरी साय धरते.

बसवण्यासाठी मी पाऊस उघडलेला दिवस धरला, कारण दमट हवेत केस बंद केली की तीच हवा आत कोंडते. त्या दिवशी दुपारपर्यंत ऊन होते. फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि रबरी हातमोज्यांची बोटे कापून स्वतःच्या बोटांत चढवली. आतला टवका तासकाट्याच्या मुळाशी अडकला होता. चिमट्याने तो उचलताना डायलवर ओरखडा उठेल म्हणून घड्याळजींची चिकट पुट्टी काडीच्या टोकाला लावून टेकवली आणि तो तिला चिकटून आला. काच पंजात धरून चकरी फिरवत गेले तशी कड आवळली आणि मधला फुगवटा डोळ्यांना दिसेल इतका वर आला. इथे हाताला समजले पाहिजे की पुरे. आणखी पाव फेरा दिला तर कडेला बारीक तडे जातात. आवळलेली काच खोबणीत टेकवली, ती सगळीकडून सारखी बसली आहे हे भिंगातून पाहिले आणि चकरी उलटी फिरवली. काच आपोआप पसरली. नखाने फिरवून पाहिली, हलली नाही.

पुढचा तास धुळीत गेला. मशीन आत ठेवून, चावी घालून पाहते तो सातच्या आकड्यावर एक तंतू. काचेला आतून चिकटलेला. मशीन पुन्हा बाहेर. मी कापडाने जोरात पुसले आणि तिथे एकाऐवजी चार तंतू आले. ऍक्रिलिक घासले की त्याच्यावर स्थिर वीज साठते आणि ते आजूबाजूची सारी धूळ ओढून घेते, हे शाळेत फुटपट्टी केसांना घासून आपण सगळ्यांनी पाहिलेले असते, पण ऐन वेळी आठवत नाही. मग पुसणे बंद केले, पुट्टीने एकेक तंतू टिपला, रबरी फुग्याने हवा मारली आणि केस तोंड खाली करूनच मशीनवर आणली, म्हणजे वरून काही पडायला वाव नाही. तरी अकराच्या खुणेशी एक अगदी बारीक ठिपका राहिला आहे. मी पुन्हा उघडायला निघाले तेव्हा बाबांनी हात धरला. “चालण्याइतकीच चूक आहे, टॉलरन्समध्ये. राहू दे.”

झाकण बंद करताना आणखी एक घात टळला तो त्यांच्यामुळेच. मी घड्याळ टेबलावर काच खाली करून झाकण दोन्ही अंगठ्यांनी दाबणार होते. सारा भार नव्या काचेच्या फुगवट्यावर आला असता. बाबांनी गच्चीवरच्या नळाच्या कामातून उरलेला पाइपचा तुकडा शोधून आणला, ज्याचे तोंड काचेपेक्षा थोडे मोठे आणि केसपेक्षा लहान होते. त्यावर केसची कड टेकवून दाबले आणि झाकण बसले.

चावी देऊन काटे बारा तास पुढे फिरवले, घड्याळ डोळ्यांच्या पातळीला आडवे धरून. तिन्ही काटे एकमेकांना आणि काचेला न लागता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून धुके नव्हते, तिसऱ्या दिवशीही नव्हते. पाण्यापासून संरक्षण या घड्याळाला पहिल्यापासून नव्हते आणि आताही नाही, म्हणून पाऊस संपेपर्यंत ते बाहेर जाताना घालायचे नाही असे ठरले आहे. बाबा ते पाळत नाहीत. मागच्या आठवड्यात बसच्या दांड्यावर घासून काचेवर बोटभर ओरखडा आणला. थोडी पांढरी टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन पाच मिनिटे गोल गोल घासल्यावर तो गेला. घासण्याचे काम त्यांनी स्वतः केले, कारण त्याला स्थिर हात लागत नाही.