टॅपेट कव्हर माझं, हेड त्यांचं

सुरुवात वासाने झाली. सिग्नलला गाडी थांबली की बोनेटमधून करपट वास यायचा, कढईत तेल तापत ठेवून कुणी विसरल्यासारखा. बाबांची २००४ ची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि इंदुरात रामबागेतल्या आमच्या गल्लीत तिची ठरलेली जागा कडुनिंबाखाली. रात्री खाली पुठ्ठा सरकवला. सकाळी त्यावर रुपयाएवढे तीन काळे डाग.

टॉर्च लावून पाहिलं तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या कडेने ऑइल पाझरून तापलेल्या एक्झॉस्टवर ओघळत होतं. झाकणाखालचं रबरी पॅकिंग गेलेलं. हे आपण करायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं. काम वरचं, टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या जुळवलेल्या मेळाला, हात लावायचा नाही, आणि मध्येच अडलं तर कव्हर परत बसवून गाडी होती तशी करता येते.

छोट्या ग्वालटोलीतून पॅकिंग आणि बोल्टांखालचे रबरी वायसर आणले. जुन्या पॅकिंगमध्ये रबर असं उरलंच नव्हतं. काचेच्या बांगडीसारखं कटकन मोडलं. त्यावर मागे कुणीतरी सिलिकॉनही थापलेलं. ते खरवडण्यात दीड तास गेला, तोही जुन्या एटीएम कार्डाने, कारण ब्लेडने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की पुन्हा गळती. तुकडे आत पडू नयेत म्हणून फडकं पसरून ठेवलं होतं. बोल्ट आधी हाताने, मग पान्याने आलटूनपालटून थोडेथोडे आवळले. जोर लावून पिळलं तर पॅकिंग चेपतं आणि तिथूनच गळायला लागतं.

वास गेला. मी आठवडाभर गल्लीत जरा ताठ चालत होते.

मग जानेवारीत ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर टेंपरेचरचा काटा लालपर्यंत गेला. गाडी कडेला घेतली आणि रेडिएटरचं झाकण उघडण्याचा मोह आवरून अर्धा तास बसून राहिलो. कसेबसे घरी पोचलो. सकाळी इंजिन गार असताना पाहिलं तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, निम्मं, आणि खाली पुठ्ठा कोरडा. ऑइलच्या झाकणाच्या आत मात्र सायीसारखा पांढरट थर.

“अगं, थंडी आहे, गाडी दूध आणण्यापुरती फिरते. वाफ धरते आत,” बाबा म्हणाले. तेही खरं आहे. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, आणि त्याखालचं पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट; ते गेलं की कूलंट ऑइलमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पण नुसत्या त्या थरावरून ते गेलं असं निदान करू नये. म्हणून गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. अडकलेली हवा असती तर थोडे बुडबुडे येऊन थांबले असते. हे थांबेचनात, म्हणजे सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसत होता. तीनही स्पार्क प्लग काढून ओळीने वर्तमानपत्रावर ठेवले: दोन तपकिरी, मधला घासून धुतल्यासारखा लख्ख. त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं, आणि त्याची वाफ त्याला रोज धूत होती.

त्या प्लगकडे बघत मी बराच वेळ बसले. टॅपेट कव्हर जमलं होतं, हात शिवशिवत होते. पण हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग बेल्ट काढायचा आणि खुणा जुळवून परत चढवायचा. हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे, तेही टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने. तो माझ्याकडे नाही. शिवाय हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एवढं तापल्यावर वाकलेलं असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे ते फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, मशीन शॉपमध्ये न्यावंच लागणार, आणि तोवर उघडं इंजिन कडुनिंबाखाली, वरून पानं आणि पक्ष्यांची शीट. आणि कूलंट कुठे काढायचं? ते चवीला गोड असतं, जनावरं चाटतात, आणि ते विष आहे. आमच्या गल्लीतला कुत्रा, काळ्या, जमिनीवर सांडलेलं काहीही चाटून बघतो. गटारात ओतायची तर इंदुरात सोयच नाही, कचरा सहा डब्यांत वेगळा करणाऱ्या आयांची नजर असते.

खर्चापेक्षा मला एवढंच खटकलं की यात मध्ये थांबता येत नाही.

मेकॅनिकने झाकणातून डोकावून दोन शब्दांत सांगितलं, “दीदी, हेड खुलेगा.” मी म्हटलं, खुलू द्या, पण मी बघणार. त्यांनी स्टूल दिलं. हेडवर पट्टी आडवी धरून खालून टॉर्च मारला तेव्हा मध्यभागी उजेडाची बारीक फट दिसली. मधला प्लग खोटं बोलत नव्हता. फेसिंग, गॅस्केट सेट, नवा टायमिंग बेल्ट आणि मजुरी मिळून साडेआठ हजार, तीन दिवस. सेटमध्ये टॅपेट कव्हरचं पॅकिंगही होतं, त्यामुळे माझं चार महिन्यांचं पॅकिंग त्यांनी काढून माझ्या हातात दिलं. थोडं वाईट वाटलं, खरं सांगायचं तर.

परवा पुन्हा भेरूघाट चढलो. काटा मध्याच्या खालीच.

पुठ्ठा मात्र मी अजून सरकवते. काल सकाळी त्यावर एक थेंब होता, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. तिथलं ऑइल सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. या वेळी मी स्टूलसुद्धा मागणार नाही.