नांगरल्याने ओल टिकते की उडते? तुम्ही विचारलंत म्हणून

पीक निघालं की रान लगेच नांगरू का तसंच ठेवू, पुढच्या पेरणीपर्यंत ओल कशात टिकेल, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

पूर्वी मी बिनधास्त सांगायचो, नांगरा. नांगरलेलं रान बघायला बरं वाटतं, काम झाल्यासारखं वाटतं. मग एका वर्षी काढणी झाल्या झाल्या खोल नांगरट केली, खालून गार ओलसर ढेकळं वर आली, मी खूश, आणि आठ दिवसांत ती ढेकळं विटेसारखी कडक. म्हणजे जमिनीच्या पोटात सुखाने बसलेली ओल मीच वर काढून उन्हात वाळत घातली होती.

होतं काय, माती वरून ओली असते तोवर ऊन-वारा भराभर पाणी ओढतात, पण एकदा वरचा थर वाळला की तोच झाकण होतो आणि खालची ओल फार हळू जाते. प्रत्येक पाळीला, म्हणजे रानात अवजार फिरवलं की, आपण ते झाकण उघडतो. थोडीशीच उडाली म्हणाल तर एक मिलिमीटर ओल म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी.

मग वखर, म्हणजे माती वरवर हलवणारं पात्याचं अवजार, मारून वरची माती भुसभुशीत केली की ओल टिकते म्हणतात ते खोटं का? खोटं नाही, पण अर्धंच. भारी जमिनीला भेगा पडल्या की पार खालपासून ओल उडते, तिथे उथळ पाळीने भेगा बुजवणं फायद्याचंच. आणि तण वाढलं असेल तर ते उन्हापेक्षा जास्त पाणी पितं, ते काढायलाच हवं, वखराने काढा नाहीतर कसंही. पण सवय म्हणून पाळ्यांवर पाळ्या मारणं वेगळं. अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्समध्ये एकेकाळी पडीत रानात मातीची भुकटी करून ठेवायचे, ओल राखायला म्हणून, तरी पडलेल्या पावसातला जेमतेम पाचवा हिस्सा मातीत उरायचा. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि मोकळी पडलेली माती वादळात उडाली. पुढे न नांगरता पिकाची काडी रानात तशीच राखायला लागले तेव्हा तो हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत गेला.

म्हणून मला अवजारापेक्षा काडीकचरा महत्त्वाचा वाटतो. त्याची सावली पडते, वारा अडतो, पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही. उघड्या रानात ढेकळं पहिल्या पावसाला पाणी छान घेतात, कबूल, पण नंतर ती विरघळून बारीक माती छिद्रांत बसते, वर पापडी धरते आणि पाणी वाहून जातं. न नांगरलेल्या रानात जुन्या मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटा शाबूत असतात, पाणी त्यातून खाली उतरतं. अर्थात खाली नांगरतळी, म्हणजे नांगराच्या तळाशी दाबून बसलेला मातीचा थर, घट्ट झाली असेल तर ती फोडावीच लागते, तिथे माझा हट्ट नाही, फक्त माती कोरडी असताना फोडा, ओलीत अवजार नुसतं चिरत जातं आणि बाजूची माती अजून दाबली जाते.

मी हल्ली आधी फावड्याने वीतभर खोल खणून मूठभर माती दाबून बघतो. गोळा झाला, तण नाही, भेगा नाहीत आणि पाऊस अजून लांब असेल तर ट्रॅक्टर घरीच.