सत्तरीनंतरचे स्टॅग

माणसाला मैदानावरून उठवायचे असेल, तर ते फार आदराने केले जाते, आणि त्या आदराचाच सल आज दिवसभर मनातून जात नाही. एमॉस अलोंझो स्टॅग यांच्या आयुष्याविषयी वाचताना मी १९३२ पाशी अडून बसलो आहे. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले तेव्हा अध्यक्ष हार्पर यांनी त्यांना तिथे नेले. पुढचे ४१ हंगाम त्यांनी मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवला, १९०५ मध्ये मिशिगनला २-० असे नमवून अपराजित राहिलेला संघ उभा केला, मैदानालाही त्यांचेच नाव लागले. आणि सत्तरी आली तशी वयाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त करण्यात आले. सल्ला देण्यापुरते एक पद पुढे करण्यात आले होते. ते त्यांनी नाकारले.

मलाही परवा तसेच एक पद देऊ करण्यात आले. मुलांचा सराव यापुढे दुसरे कोणी घेतील, मी स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांच्या रांगेत बसावे. माई म्हणाली, मान देताहेत तर घ्यावा. तिच्यापाशी मी काही बोललो नाही. दादा असते तर, पण ते राहू दे.

स्टॅग कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाच्या लहानशा महाविद्यालयात गेले. १९३८ मध्ये तोच संघ घेऊन ते शिकागोत आले, आणि स्वतःच्याच नावाच्या मैदानावर त्यांनी शिकागोला ३२-० असे हरवले. यात सूड फिटल्याचे समाधान असेल, असे मला कितीही वाटून घेतले तरी वाटत नाही. ज्या खेळाला त्यांनी तिथे वाढवले, तोच त्यांच्या डोळ्यांदेखत मोडकळीला आलेला होता. पुढच्याच वर्षी शिकागोने फुटबॉल बंद केला. २ डिसेंबर १९४२ रोजी त्या मैदानाच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली, स्क्वॉशच्या कोर्टात, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी अणूंची साखळी प्रक्रिया घडवली, हे सगळेच सांगतात. वरचे स्टँड तोवर फुटबॉलला पारखे झाले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि इकडे स्टॉकटनमध्ये १९४३ साली, ८१ व्या वर्षी, स्टॅग वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

तरीही माझा राग निवला तो त्या गौरवाने नव्हे. पॅसिफिक सुटल्यावर ते पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना विद्यापीठात स्वतःच्या मुलाच्या बरोबरीने संघ सांभाळू लागले, आणि नव्वदी उलटल्यावर स्टॉकटनच्या एका ज्युनियर कॉलेजात मुलांना केवळ किक मारण्याचे तंत्र शिकवत राहिले. एके काळी अवघा संघ ज्यांच्या शब्दावर चाले, त्यांनी एवढेसे काम आपलेसे केले, कारण त्यात मुले होती आणि चेंडू होता. शिकागोच्या त्या पदात यातले काहीच नव्हते.

माईला मी रात्री सांगितले, पाहुण्यांची रांग नको. धाकट्या मुलांचा सकाळचा एक तास मागून पाहतो. तो मिळाला नाही, तर पलीकडच्या शाळेत विचारीन.