मी, मासा आणि गॅल्व्हानोमीटर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर चौथ्यांदा मेसेज आला तेव्हा खरं सांगतो, गॅदरिंग, सहल काही आठवलं नाही, आठवला तो लॅबमधला चपटा प्लास्टिकचा ट्रे.

नववीत होतो. करंटचा धडा चालू होता, अर्धा वर्ग पेंगत होता आणि सरांनी मध्येच विचारलं, गढूळ पाण्यातला मासा उलटा, म्हणजे शेपटीच्या दिशेने मागे पोहतो तरी त्याची शेपटी कुठे आपटत नाही, कसं काय? कोणीतरी म्हणालं सवय! मासा म्हणजे आफ्रिकेतला जिम्नार्कस. शेपटीतून सेकंदाला साधारण 300 वेळा बारीकसा करंट सोडतो, अंगाभोवती विजेचं क्षेत्र तयार होतं आणि जवळ काही आलं की त्या क्षेत्राचा आकार बदलतो, तो बदल त्याला कातडीवरच कळतो. अंग ताठ ठेवून नुसत्या पाठीवरच्या लांब पराची लाट करत पुढे-मागे जातो, कारण अंग वाकवलं तर स्वतःचंच क्षेत्र हलणार ना. लिसमन नावाच्या शास्त्रज्ञाने 1951 मध्ये हा करंट पकडला, मग बाहेरून अगदी सारखी दिसणारी सच्छिद्र भांडी पाण्यात ठेवली, एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात काचेची दांडी, आणि माशाने बरोबर ओळखलं. (मला तेव्हा ही शुद्ध थाप वाटली होती, कॉलेजात गेल्यावर वाचलं, सगळं खरं निघालं.)

मग हेच दाखवायला सरांनी ट्रेमध्ये पाणी घेतलं, दोन टोकांना बॅटरीच्या वायरी, मध्ये गॅल्व्हानोमीटरच्या (बारीकसा करंटही काटा हलवून दाखवणारं यंत्र) दोन वायरी, त्या सरकवत सरकवत काटा शून्यावर आणला. एका वायरीजवळ स्टीलचा चमचा बुडवला, काटा डावीकडे. त्याच जागी काचेची दांडी, काटा उजवीकडे! धातूतून करंट सहज जातो म्हणून तो तिकडे ओढला जातो, काचेला वळसा घालून जातो, बस एवढंच.

मग मला फळ्याकडे तोंड करून उभं केलं. मी मासा. मागून पोरं नुसतं डावीकडे, उजवीकडे ओरडायची आणि मी चमचा की काच ते सांगायचं. सगळं बरोबर येत होतं, शेवटी ओरडले उजवीकडे, मी ऐटीत म्हटलं काच, तर सगळा वर्ग खो खो हसायला लागला. वळून बघतो तर सरांच्या हातात प्लास्टिकचा चमचा.

"हसू नका रे," सर म्हणाले, "या काट्यावरून माशानेही काचच सांगितलं असतं."