वारकऱ्यांची मोजदाद

निफाडची जानेवारीतली थंडी अंगावर घ्यायची असेल तर पहाटे चापडगावचा रस्ता धरावा. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच द्राक्षबागा. बिबट्या कुठल्या सरीतून बाहेर येईल सांगता येत नाही, तेव्हा मोटरसायकल आणू नका, असं आमच्या गाइडदादाने फोनवरच बजावलं होतं.

या खेपेला मी पक्षी बघायला नाही, मोजायला आलो होतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि नांदूरमध्यमेश्वरला माझ्यासारख्या हौशांनाही हाताशी घेतात. गोदावरी-कादवेच्या संगमाखाली इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. पुरांबरोबर येणारा गाळ त्यात साठत गेला, बेटं झाली, उथळ पाणी पसरलं. बंधाऱ्याचं हे नुकसानच, पण बदकांची पंगत बसली. १९८६मध्ये अभयारण्य झालं, २०२०मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा.

मनोऱ्यावर माझ्या वाट्याला वारकरी नावाचे पाणपक्षी आले. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा, राहणार जथ्याने. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे! (धनवर बदकाच्या चोचीवरचा लाल-पिवळा पाहून त्याला हळदी-कुंकू म्हणणाराही याच्याच घराण्यातला असावा.) एकेक करून मोजायला गेलात की संपलात. आधी दहा नीट मोजायचे, दुर्बिणीत त्यांनी किती जागा घेतली ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढं सरकायचं.

चौतीस तुकडे झाले होते. तेवढ्यात गवतावरून दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी तरंगत आली. गडद तपकिरी अंग आणि डोक्याला साय फासल्यासारखा रंग. थापटे उडाले, तलवार बदकं उडाली, सगळं आभाळ पंखांनी फडफडलं. वारकरी मात्र उडाले नाहीत. सगळे पाण्यातच एकमेकांना चिकटून असे गोळा झाले की दहाच्या जागेत तीस. माझं माप गेलं.

भोवत्या निघून गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"किती?" दादाने विचारलं.

"आधी तीनशे चाळीसच्या वर होते. आता दोनशे नव्वद."

"मग तिसऱ्यांदा मोजा, सर."

तो हसला नाही, हे विशेष. त्याचं बालपण या पाण्याकाठी गेलंय, आणि अंदाजे आकडा ठोकून देणाऱ्या शहरी पाहुण्यांचा त्याला मनस्वी कंटाळा आहे. तिसऱ्या खेपेला वरून क्रौंचांचा थवा कर्कश ओरडत हरभऱ्याच्या शेतांकडे गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. मी केली नाही. फार जड गेलं ते.

तीनशे दहा. पेनाने तक्त्यात भरले, सही केली, थर्मासमधला चहा ओतून घेतला. तेवढ्यात जलपर्णीच्या पट्ट्यामागून एक वारकरी बाहेर आला. मग दुसरा. मग एका ओळीत पंधरा.

दादाने न बोलता तक्ता पुन्हा माझ्यासमोर धरला.